पाच टक्के वेगासाठी आतलं कुलूप काढायचं का?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुने संगणक बदलण्याची किंवा विंडोज ११ वर नेण्याची लगबग सुरू झाली. नवी प्रणाली आली की ‘मशीन जरा जड चालतंय’ ही तक्रारही येते. त्यावर एक ठरलेला सल्ला मिळतो : ‘व्हर्च्युअलायझेशन बेस्ड सिक्युरिटी’ बंद करा, वेग वाढेल. हा सल्ला खोटा नाही, पण अर्धवट आहे.

ही सुरक्षा म्हणजे नेमकं काय? आजच्या प्रोसेसरला एकाच संगणकाचे दोन स्वतंत्र कप्पे करता येतात. विंडोज ही सोय वापरून स्मृतीचा एक लहानसा भाग बाजूला काढते आणि त्याचा ताबा खुद्द स्वतःच्या मुख्य भागालाही देत नाही. पतसंस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक व्यवस्थापकाकडे, दुसरी रोखपालाकडे. व्यवस्थापकाची किल्ली चोराच्या हाती लागली, तरी तिजोरी उघडत नाही. इथेही तसंच आहे. हल्लेखोराने संगणकाचे सर्वाधिकार मिळवले, तरी या कप्प्यात त्याला शिरता येत नाही. विंडोजच्या गाभ्यात चालू पाहणारा प्रत्येक ड्रायव्हर विश्वासार्ह आहे का, हे याच कप्प्यातून तपासलं जातं. या तपासणीचं नाव ‘मेमरी इंटिग्रिटी’.

राखण म्हटली की खर्च आलाच. गेमिंगच्या चाचण्यांत हा फटका सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास दिसला, काही गेममध्ये दहापर्यंत. इंटेलच्या सातव्या पिढीपासून आणि एएमडीच्या ‘झेन २’ रचनेपासून या तपासणीला हातभार लावणारी सोय प्रोसेसरमध्येच आहे. त्याआधीच्या प्रोसेसरवर भुर्दंड जास्त बसतो. गेम खेळणाऱ्यांनी हवं तर ही सोय खेळापुरती बंद करावी आणि नंतर पुन्हा चालू करावी, असं मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये सांगितलं होतं. सल्ल्यातला दुसरा अर्धा भाग मात्र वाटेत गळून जातो.

हे कुलूप कशासाठी, हे समजायला फार लांब जायला नको. सांगली-तासगावची द्राक्षं ज्या न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात, तिथलं एक कंटेनर टर्मिनल जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूमुळे ठप्प झालं. सुरुवात झाली होती युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरपासून. तिथून तो विषाणू मर्स्क या जहाज कंपनीत आणि तिच्या समूहाच्या टर्मिनलांत पसरला. मर्स्कने आपलं नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर असल्याचं सांगितलं. विंडोजमधली एक जुनी फट हा त्याचा एक मार्ग होता. दुसरा मार्ग अधिक घातक होता. संगणकाच्या स्मृतीतून लॉगिनची माहिती उचलायची आणि तिच्या जोरावर शेजारच्या यंत्रात शिरायचं. त्यामुळे सगळ्या दुरुस्त्या वेळेवर केलेले संगणकही सापडले. लॉगिनची ही माहिती वेगळ्या कप्प्यात ठेवणारी ‘क्रेडेन्शियल गार्ड’ ही सोय विंडोजच्या एंटरप्राइझ आवृत्तीत आहे आणि ती याच सुरक्षेच्या पायावर उभी आहे. पाया काढला, की तीही गेली.

घरगुती आवृत्तीत प्रश्न मुख्यतः ड्रायव्हरचा असतो. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या गेममधल्या फसवणूक रोखणाऱ्या ड्रायव्हरचा वापर करून खंडणीखोरांनी अँटिव्हायरसच बंद पाडल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. त्या संगणकावर गेम असण्याचीही गरज नव्हती. चोरांनी ड्रायव्हर सोबतच आणला होता. मेमरी इंटिग्रिटी चालू असेल, तर ज्ञात सदोष ड्रायव्हर दारातच अडवले जातात. सदोष म्हणून अजून कुणालाच ठाऊक नसलेला ड्रायव्हर मात्र निसटू शकतो. म्हणजे हे कवच अभेद्य नाही. पण ते काढलं, तर चोराचं काम सोपं होतं.

म्हणून आधी विचारायचं ते हे, की या संगणकावर कोणाचं काय ठेवलंय? कराडच्या एखाद्या विद्यार्थ्याचा संगणक फक्त खेळासाठी असेल, त्यावर बँकेचे व्यवहार होत नसतील, तर पाच टक्क्यांचा सौदा त्याने खुशाल करावा. पण पतसंस्थेचा काउंटर, साताऱ्यातलं आपले सरकार सेवा केंद्र, करसल्लागाराचं कार्यालय, मिरजेतली पॅथॉलॉजी लॅब यांचं तसं नाही. तिथल्या संगणकात ठेवीदारांचे हिशेब, आधार क्रमांक, रुग्णांचे अहवाल असतात. धोका पत्करणारा एक आणि भोगणारे शेकडो, असा तो व्यवहार होतो. शिवाय पावती छापायला आणि अहवाल टाइप करायला त्या पाच टक्क्यांचा उपयोगही नाही.

अशा ठिकाणी कुलूप निघतं ते बहुधा वेगळ्याच कारणाने. जुना स्कॅनर किंवा बोटांचे ठसे घेणारं यंत्र चालेना, की दुरुस्तीला आलेला माणूस हीच सोय बंद करून मोकळा होतो. खरं तर सुटसुटीत उपाय त्या यंत्राचा नवा ड्रायव्हर टाकण्याचा. विंडोज सिक्युरिटीत ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ आणि त्याखाली ‘कोअर आयसोलेशन’ उघडलं, की मेमरी इंटिग्रिटी चालू आहे की बंद ते दिसतं. ड्रायव्हर आड येत असेल, तर त्याचं नावही तिथेच मिळतं. बायोसमधल्या सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की जवळ आहे ना, तेही पाहावं. नाहीतर आपल्याच फायलींना आपण मुकू.

संगणक दुरुस्त होऊन परत आला, की तो चालतो का हे आपण पाहतो. त्यातलं काय बंद करून दिलंय, हेही विचारायला हवं.