आधी गरज मोजा, मग भट्टीचं बघू



बांधावरचा साग, निंब, मलबार निंब बऱ्याच जणांचा कापायला आलाय. त्यामुळे लाकूड सुकवायच्या भट्टीचं कोटेशन घेऊन फिरणारेही वाढलेत. माझ्याकडे दोघं येऊन गेले. दोघांचं म्हणणं एकच: भट्टीशिवाय भाव नाही. मला हे पटत नाही. कर्ज काढलं तर हप्ता आपल्याला भरायचाय, त्यांना नाही, म्हणून जरा हिशोबच मांडतो.

पहिला हिशोब हवेचा. लाकूड शेवटी भोवतालच्या हवेशी जुळतं. २५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत त्याचा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास थांबतो. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेत तो ४-५ टक्क्यांकडे जातो. जळगाव-धुळ्याची मे महिन्यातली दुपार अशीच असते. कोकणात जे भट्टीकडून करून घ्यावं लागतं, त्यातलं बरंचसं आपली हवा फुकटात करते. उलट आपल्याकडे लाकूड फार भरभर सुकतं आणि टोकं तडकतात. त्यावर उपाय साधा आहे: शेडमध्ये थप्पी, फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक, टोकांना ऑइलपेंट, वर वजन आणि गरम वाऱ्याला आडोसा.

दुसरा हिशोब विजेचा. एक घनमीटर सागाचं कोरडं वजन ६०० किलो धरा. ओलावा ६० वरून १२ टक्क्यांवर आणायचा तर २८८ किलो पाणी काढायचं. ते उडवायलाच १८० युनिटांइतकी उष्णता लागते, वाया जाते ती वेगळी. उष्णता भुसा जाळून मिळेल, पण पंखे रात्रंदिवस फिरायला हवेत. शेतीच्या आठ तासांच्या विजेवर ते कसं जमणार? म्हणजे वेगळी जोडणी, जनरेटर, राखणीला माणूस. हे कोटेशनात आहे का ते बघा.

तिसरा हिशोब हंगामाचा. सागाच्या तोडीला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अर्ज पावसाळ्यातच करा, तोड हिवाळ्यात, जानेवारीत आरा मशीनवर चिराई, आणि फेब्रुवारी ते मे थप्पी. परवानगी, चिराई, सुकवण आणि गिऱ्हाईक ही एकच साखळी आहे. मार्चअखेर चिरलं तर थप्पीवर पाऊस येतो आणि मग भट्टी 'गरजेची' वाटायला लागते.

आता दुसरी बाजूही सांगतो. बारमाही माल पुरवायचा असेल, पावसाळ्यातही ठरलेल्या तारखेला द्यायचा असेल, फर्निचरवाला ठराविक ओलावा लिहून मागत असेल, तर भट्टी योग्यच. पण सगळ्या लाकडाला एकच वेळापत्रक चालत नाही. आयएस ११४१ या भारतीय मानकात सुकवायला किती अवघड यावरून लाकडाचे तीन गट आहेत. साग मधल्या गटात, सावर सोप्या गटात. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

अजून एक गफलत. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पॅलेटला आयएसपीएम १५ प्रमाणे गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं उष्णता द्यावी लागते. ती किडीसाठी आहे, तिने लाकूड सुकलं असं होत नाही. शिवाय त्याला सरकारी मान्यता लागते. दोन्ही एकत्र करून कोणी 'एक्स्पोर्टची भट्टी' विकत असेल तर मान्यतेचा कागद मागा.

सुरुवात वजनकाट्याने करा. फळीचा एक छोटा तुकडा वजन करून १०३ अंशाला ओव्हनमध्ये वजन थांबेपर्यंत वाळवा. ओलं वजन वजा कोरडं, भागिले कोरडं, गुणिले १००. हा झाला ओलावा. मग थप्पीतली एक खुणेची फळी दर आठवड्याला तोला. एक उन्हाळा हे आकडे वहीत लिहा. नंतरही गिऱ्हाईकाच्या मागणीत आणि वहीत फरक उरला, तर तेवढ्या फरकापुरतीच भट्टी शोधा. भाड्याने मिळते का तेही बघा.

कृषी अधिकारी आणि वनशेतीवाले मित्र इथे आहेत. माझं चुकत असेल तर आकडे घेऊन भांडा.