नौका कालन्यास थांबते तेव्हां

एका वाचकभगिनीचें पत्र आमच्या पुढ्यांत आहे. येत्या पौषांत त्यांचें सारें कुटुंब, म्हणजे सासूसासरे, दोघे दीर, जावा आणि पांच मुलें, कोलकात्याहून मुर्शिदाबादेपर्यंत नदीच्या वाटेनें नौकेंतून जाणार आहे. वाटेंत एके दिवशीं नौका कालना नांवाच्या गांवीं अर्धा दिवस थांबते. "गांव लहान, नांव कोणीं ऐकलेलें नाहीं. तेव्हां वडील मंडळींनीं नौकेवरच विसांवा घ्यावा आणि मुलांनीं पत्ते खेळावे, असें घरांत घाटत आहे. उतरण्यासारखें तेथें कांहीं आहे काय?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उतरावें, आणि सर्वांनीं उतरावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. काशीस किंवा पुरीस गेलें म्हणजे क्षेत्रच माणसाला हाताला धरून फिरवितें; पंडे, बाजार, गर्दी, सारें आपण होऊन अंगावर येतें. निवांत बंदराचें तसें नसतें. तें स्वतः कांहीं दाखवीत नाहीं. पाहुण्यानेंच थोडी तयारी करून जावें लागतें. ती नसली तर चार तास चार युगांसारखे वाटतात, आणि असली तर निघतांना पाय निघत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आम्हीहि याच वाटेनें सहकुटुंब गेलों होतों. त्या अनुभवावरून चार गोष्टी सांगतों.

प्रथम स्थळाची ओळख. गंगेचा जो फांटा मुर्शिदाबादेवरून दक्षिणेस वाहतो त्याचें नांव भागीरथी. पुढें समुद्राकडे त्यालाच हुगळी म्हणतात. तेथील लोक मात्र त्याला गंगाच म्हणतात. या प्रवाहाच्या पश्चिम तीरावर, पूर्व वर्धमान जिल्ह्यांत, कालना वसलेलें आहे. अंबिका सिद्धेश्वरी ही तेथील देवता. तिच्यावरून गांवाचें पुरें नांव अंबिका-कालना. वर्धमानच्या राजघराण्याचा या गांवावर विशेष लोभ होता, आणि पाहण्यासारखें जें आहे तें बहुतेक त्या घराण्यानेंच उभारलेलें आहे.

उतरतांना नौकेवरून तीरापर्यंत फळीवरून चालावें लागतें. भरतीचें पाणी येथवर पोंचतें, म्हणून घाटाच्या खालच्या पायऱ्या सदा ओल्या व निसरड्या असतात. धाकट्या दिरांनीं आधीं उतरून वडील मंडळींना हात द्यावा. सासूबाईंच्या पायांत पट्ट्याच्या चपला असाव्या. गंगास्नानाची इच्छा त्यांना होईलच. परंतु प्रवाहाला ओढ आहे आणि पाणी आतां पूर्वींसारखें निर्मळ राहिलेलें नाहीं. पायरीवर बसून पाय धुवावे, मस्तकाला पाणी लावावें. तोंडांत मात्र घेऊं नये. घाटापासून देवळांपर्यंत सायकल-रिक्षा मिळतात. परतण्याची वेळ कसोशीनें पाळावी, कारण नौका रात्रीं चालत नाहीं. पुढचा मुक्काम तिला दिवसाउजेडीं गांठावयाचा असतो.

पहिला तास नवकैलासाला द्यावा. वर्धमानचे महाराज तेजचंद्र यांनीं १८०९ सालीं येथें एकशें आठ शिवालयें दोन वर्तुळांत बांधविलीं. बाहेरच्या वर्तुळांत ७४ व आंतल्यांत ३४. बाहेरच्या ओळींत एक लिंग काळें, एक पांढरें असा क्रम चालतो. आंतलीं सर्व लिंगें पांढरीं. हे आंकडे मुलांना आधीं सांगूं नयेत. निम्म्या मुलांनीं डावीकडून व निम्म्यांनीं उजवीकडून मोजीत जावें आणि मग हिशेब जुळवावा. आमच्याकडे तो दोनदां चुकला आणि तिसऱ्यांदां जुळला. नंतर आजोबांनीं हातांतली जपमाळ दाखवावी, म्हणजे एकशें आठच कां, हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

या देवळांचें छप्परहि न्याहाळावें. तें आपल्याकडच्या शिखरासारखें नसून गवताच्या झोपडीसारखें वांकलेलें आहे. चार उतार खालीं, चार वर, म्हणून त्याला तिकडे 'आटचाला' म्हणतात. मुसळधार पावसाच्या मुलखांत वेळूच्या वांकविलेल्या छपरावरून पाणी झटकन् ओघळतें. तोच आकार पुढें कारागिरांनीं विटांत उतरविला. आपण ज्या घराला बंगला म्हणतों, त्याचें नांवहि मूळ बंगालच्या घरावरूनच आलें आहे.

रस्ता ओलांडला कीं समोर राजवाडीचें आवार लागतें. दुसरा तास तेथें घालवावा. लालजीचें देऊळ १७३९ सालचें, कृष्णचंद्राचें १७५१-५२ सालचें. दोहोंना प्रत्येकीं पंचवीस शिखरें आहेत: पहिल्या थरावर बारा, दुसऱ्यावर आठ, तिसऱ्यावर चार आणि शेंड्यावर एक. शिखराला तिकडे 'रत्न' असा गोड शब्द आहे. पंचवीस रत्नांचीं देवळें साऱ्या पश्चिम बंगालमध्यें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, आणि त्यांतलीं तीन या एका गांवांत! त्याच आवारांत प्रतापेश्वराचें १८४९ सालचें लहानसें देऊळ आहे. डोळ्यांचें पारणें फिटतें तें येथें. गाळाच्या मुलखांत दगड मिळत नाहीं, म्हणून ओल्या मातीच्या पाट्यांवर चित्रें उठवून त्या भाजल्या आणि भिंतींवर बसविल्या. राम-रावणांचें युद्ध, कृष्णाच्या लीला, सारें वितभर पाटींत मावलें आहे. दुर्बीण घरीं असल्यास बरोबर न्यावी; वरच्या ओळी साध्या डोळ्यांनीं नीट दिसत नाहींत.

रामकथा सांगणाऱ्या आजींना येथें एक नवी गोष्ट मिळेल. बंगालच्या रामकथेंत राम युद्धापूर्वीं शरदृतूंत दुर्गेची पूजा करितो. वाल्मीकींत हा प्रसंग नाहीं. तो कृत्तिवासाच्या बंगाली रामायणांतून घरोघर पोंचला. त्या कृत्तिवासाचें जन्मगांव फुलिया हें नदीच्या पलीकडच्या अंगास शांतिपुराजवळ आहे. आणखी एक सूचना. लालजीचें १७३९ आणि कृष्णचंद्राचें १७५१, हीं दोन सालें मुलांच्या वहींत लिहवून ठेवावीं. या दोहोंच्या मधलीं वर्षें आपल्याला पुढें लागणार आहेत.

तिसरा तास खाण्याचा व खरेदीचा. शाकाहारी मंडळींनीं भोजनगृहांत 'निरामिष' एवढा एकच शब्द सांगावा. मासे तर त्यांत येत नाहींतच, पण बहुधा कांदा-लसूणहि येत नाहीं. कालन्याचा कुसकरलेला 'माखा संदेश' नांवाजलेला आहे. पौषांत त्यांत खजुरीच्या रसाचा नवा गूळ पडतो, त्याची चव मुलें घरीं आल्यावरहि काढतात. बायकांना सुती साड्यांचा मोह आवरणार नाहीं. शांतिपूर समोरच्या तीरावर आहे, आणि अलीकडे कालन्याच्या आसपास धात्रीग्राम व समुद्रगड येथें मागांची वस्ती आहे. १९४७च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निघालेले पुष्कळ विणकर या भागांत स्थिरावले. साडी घ्यावी ती शक्यतों विणणाऱ्याच्या हातून. खळ असलेली साडी प्रथम ताठ वाटते. दोन धुण्यांनंतर ती मऊ पडते. भाव करतांना रिक्षावाल्याला वा दुकानदाराला 'दादा' आणि वयस्क बाईंना 'मासीमा' म्हणावें. मासी म्हणजे आपली मावशीच.

आतां चौथा तास. तो कशांतहि घालवूं नये. घाटाच्या वरच्या पायरीवर स्वस्थ बसावें. आम्हांला कालन्यानें जें दिलें तें या शेवटच्या तासांत दिलें.

आम्ही असेच बसलों होतों. शेजारच्या पायरीवर एक वृद्ध बाई नातवाला मांडीवर घेऊन कांहीं गुणगुणत होत्या. चाल इतकी गोड कीं आमची सात वर्षांची नात त्यांच्याकडे सरकली आणि बरोबरच्या वाटाड्याला अर्थ विचारूं लागली. तो गृहस्थ जरा अडखळला. आम्ही मराठी, हें त्याला ठाऊक होतें. शेवटीं म्हणाला, "बाळाला निजविण्याचें गाणें आहे. बर्गी येतील असें त्यांत भय घातलें आहे. पाखरांनीं धान्य खाल्लें, आतां सारा कोठून भरावा, अशी काळजी आहे." "बर्गी म्हणजे कोण?" नातीनें विचारिलें. तो म्हणाला, "फार पूर्वींचे घोडेस्वार."

आमचे ज्येष्ठ बंधु शाळेंत तीस वर्षें इतिहास शिकवीत होते. ते म्हणाले, "बर्गी म्हणजे बारगीर. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारांतून मिळे तो बारगीर, स्वतःचा घोडा आणी तो शिलेदार. ते आपल्याकडचेच होते, बाळ." नातीनें क्षणभर विचार केला. "मग मोठे आजोबा, यांचें धान्य आपण नेलें?"

"हो," ते म्हणाले, "नेलें."

पुढें कोणीं कांहीं बोललें नाहीं.

हकीकत अशी. १७४२ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठीं बंगालवर चालून गेले. वर्धमानजवळ त्यांनीं नबाब अलीवर्दीखानाला वेढलें. मग कालन्याच्या वरच्या अंगास असलेल्या काटव्यास तळ दिला. त्याच वर्षीं दांईहाट येथें भास्करपंतांनीं थाटानें दुर्गापूजा मांडली, आणि ती पुरी होण्यापूर्वींच नबाबानें पहाटे छापा घालून त्यांना उधळून लाविलें. १७४४ सालीं तहाच्या बोलण्यासाठीं म्हणून मानकऱ्याच्या छावणींत बोलावून नबाबानें पंतांचा व त्यांच्या सरदारांचा घात केला. स्वाऱ्या तरीहि चालूच राहिल्या. १७५१ सालीं तह होऊन वार्षिक बारा लक्ष रुपये चौथाई ठरली, तेव्हां त्या थांबल्या. या स्वाऱ्यांच्या धास्तीनें कलकत्त्याच्या रहिवाशांनीं शहराभोंवतीं जो खंदक खणावयास घेतला, त्याला मराठा खंदक हेंच नांव पडलें.

आपल्या बखरींत आणि पाठ्यपुस्तकांत मानकऱ्याचा दगा ठळक आहे, आणि तो दगाच होता. परंतु ज्यांच्या शेतांतून घोडीं गेलीं त्यांनींहि लिहून ठेविलें आहे. गंगाराम नांवाच्या कवीचें 'महाराष्ट्र पुराण' हें त्याच काळांतलें बंगाली काव्य आहे. वर्धमानच्या दरबारचे पंडित बाणेश्वर विद्यालंकार यांचें १७४४चें 'चित्रचंपू' तर संस्कृतांत आहे. या स्वारांनीं ब्राह्मण, बायका, मुलें कोणाचीहि गय केली नाहीं असें ते लिहितात. आपल्या आजोबांच्या पोथ्या ज्या भाषेंत, त्याच भाषेंत हा दुसऱ्या बाजूचा पुरावा आहे. मुलांच्या वहींतलीं तीं दोन सालें आतां काढावीं. लालजीचें देऊळ पुरें झालें तें स्वाऱ्यांच्या तीन वर्षें आधीं. कृष्णचंद्राचें उभें राहिलें तें तहाच्या सुमारास. मधल्या दहा वर्षांचा हिशेब त्या अंगाईंत आहे.

कोणी म्हणेल, हौसेच्या प्रवासांत मुलांपुढें हें कशाला? आमचें म्हणणें असें, कीं मुलांना अटकेच्या स्वारीची गोष्ट आपण अभिमानानें सांगतों; मग त्याच वंशाच्या हातून झालेला अन्याय त्यांनीं परक्याच्या तोंडून कां ऐकावा? तो घरच्या वडील माणसानें सांगितलेला बरा. खालीं मान घालण्याचें कारण नाहीं, कारण दोनशें ऐंशी वर्षांपूर्वींच्या कृत्याचा दोष नातवंडांवर येत नाहीं. पण सबबीहि सांगूं नयेत. 'तेव्हां सारेच तसें करीत' हें वाक्य घाटावर बसून उच्चारवत नाहीं. ज्याला पूर्वजांचा अभिमान बाळगावयाचा आहे, त्यानें त्यांच्या वहीखात्याचीं दोन्ही पानें वाचावीं.

आणि या गोष्टीचा शेवट भयांत होत नाहीं, हेंहि मुलांना सांगावें. सखाराम गणेश देउस्कर (१८६९-१९१२) हे देवघराकडे वाढलेले मराठी गृहस्थ. त्यांनीं बंगाली ही आपली लेखनाची भाषा केली. १९०४ सालीं निघालेल्या त्यांच्या 'देशेर कथा' या पुस्तकानें बंगाली तरुणांना देशाच्या दारिद्र्याचा हिशेब दाखविला. बंगालमध्यें शिवाजी-उत्सव रुजविण्यासाठीं ते झटले, आणि त्याच साली रवींद्रनाथांनीं 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. ज्या मुलखांत आया बर्गींचें नांव घेऊन मुलांना निजवीत, त्याच मुलखानें दीडशें वर्षांनीं शिवछत्रपतींचें स्तवन केलें. मन मोठें असावें तर असें.

त्या दिवशीं आमच्या वाटाड्यानें त्या वृद्ध बाईंना आम्ही कोठले तें सांगितलें. त्यांनीं एकवार आमच्याकडे निरखून पाहिलें, मग हंसल्या, आणि जरा सरकून नातीला पायरीवर शेजारीं जागा करून दिली. नौकेची शिटी होईपर्यंत ती तेथेंच बसली होती.

तेव्हां, भगिनी, पत्ते पुढच्या संध्याकाळीं खेळतां येतील. कालन्यास सासूसासऱ्यांसह अवश्य उतरा, आणि चौथा तास घाटासाठीं राखून ठेवा.