दाताच्या दवाखान्याची तपासणी आपणच करू या



मी पेशाने कारकून. आमच्या ऑफिसात ऑडिटवाले आले की साठ्याच्या नोंदवहीपासून पावतीपुस्तकापर्यंत सर्व काही तपासले जाते. चार खुर्च्यांच्या जागी तीन भरल्या तर लेखी खुलासा द्यावा लागतो. परंतु ज्या खुर्चीवर बसून आपण डॉक्टरांसमोर तोंड उघडतो, ती कोण तपासतो, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

रिद्धपूरला आमच्या शेजारच्या मावशींची दाढ ठणकत होती. त्या निंदणाच्या मजुरीला जातात. अमरावतीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. म्हणून मी त्यांना जवळच्याच एका दवाखान्यात नेले. तिथल्या मदतनिसाने आधीच्या रोग्याची दाढ काढलेली पकड लालसर पाण्यात बुडवली, फडक्याने पुसली आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. मी विचारणार तोच मावशींनी माझा हात धरला. "राहू दे ना भाऊ, कायले इचारतं? डॉक्टरसायेब रागावले तं?" मी गप्प बसलो. चौथ्या दिवशी मावशींचा गाल सुजला, पू झाला, आणि शेवटी अमरावती गाठावीच लागली. आठ दिवसांची मजुरी गेली. त्या पकडीमुळेच पू झाला असे मी म्हणणार नाही, तो इतर कारणांनीही होतो. पण डोळ्यांनी पाहूनही मी विचारले नाही, ही चूक माझी.

ही बाब किरकोळ नाही. दाताच्या कामात रक्त येतेच. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही हे रोग रक्तातून पसरतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. तामिळनाडूतील वाणियंबाडी येथे २०२३ मध्ये एका दंत दवाखान्याशी संबंध असलेल्या दहा जणांच्या मेंदूला जंतुसंसर्ग झाला, त्यापैकी आठ जण दगावले. त्यावरील अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सलाइनची बाटली अस्वच्छ हत्याराने उघडायची आणि तीच उघडी बाटली पुन्हा पुन्हा वापरायची, असा प्रकार तिथे आढळला होता. म्हणजे एवढ्याशा निष्काळजीपणाने घरे उजाड झाली.

मग सरकारी तपासणी नाही काय? इंग्लंडमध्ये २०११ पासून दातांचे दवाखाने एका सरकारी आयोगाच्या तपासणीखाली आहेत. निरीक्षक दवाखान्यात जातात आणि त्यांचा अहवाल कोणालाही वाचता येतो. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदणी आली. पण नोंदणी माणसाची होते, त्याच्या पकडीची होत नाही. दवाखान्यांच्या नोंदणीचा २०१० चा केंद्राचा कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही, आणि राज्याचा नर्सिंग होमचा कायदा रोगी दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. तेव्हा गावातल्या एका खुर्चीच्या दवाखान्यात तपासनीस येईल अशी वाट पाहू नये. आपले डोळे हेच तपासनीस.

काय पाहावे? प्रथम भिंतीकडे पाहावे. डॉक्टरांचे नाव, पदवी आणि दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लावलेला असला पाहिजे. बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी असते. वीस वर्षांचा अनुभव ही पदवी नव्हे.

दुसरे, हत्यारे. ती ऑटोक्लेव्हमधून निघाली पाहिजेत. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचाच मोठा भाऊ. त्यात १२१ अंश सेल्सिअसची वाफ दाबाखाली पंधरा ते वीस मिनिटे लागते. साधे पाणी १०० अंशांवर उकळते, त्यात काही चिवट जंतू मरत नाहीत. स्वच्छ केलेली हत्यारे बंद पाकिटात ठेवतात आणि ते पाकीट रोग्यासमोर फोडतात.

तिसरे, सुई आणि हातमोजे. प्रत्येक रोग्याला नवे हवेत. बधिर करण्याच्या औषधाच्या बाटलीत वापरलेली सुई पुन्हा जाता कामा नये. चौथे, डॉक्टरांनी आधी विचारले पाहिजे की साखरेचा आजार आहे काय, रक्तदाब आहे काय, कोणती गोळी चालू आहे काय. न विचारता दाढ उपटणारा हात कितीही हलका असो, तो धोक्याचा. पाचवे, पावती. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पण कागद नसेल तर ग्राहक आयोगापुढे काय दाखवणार?

काही डॉक्टर मंडळींना हे वाचून राग येईल. परंतु जे प्रामाणिकपणे काम करतात त्यांना असा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे. अमरावतीला ज्या डॉक्टरबाईंनी मावशींवर उपचार केले, त्यांनी मला स्वतः ऑटोक्लेव्ह उघडून दाखवला.

पैशाची अडचण खरी आहे. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतात, ते आधी विचारून घ्यावे. अमरावतीला दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पदवीच नसलेला माणूस दाढा काढताना दिसला तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नोंदणी असलेल्या डॉक्टरांविरुद्धची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते.

मागच्या महिन्यात मावशींच्या नातवाचा दात दाखवायला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी बोलण्याआधीच मावशी म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, हे पाकीट माह्यासमोर फोडा." डॉक्टर हसले आणि त्यांनी पाकीट फोडले. कोणी रागावले नाही.