करमाफी कोणाच्या मोटारीला?
शहरात रोज कामावर जाणाऱ्या सामान्य माणसाला विजेवर चालणारी छोटी, स्वस्त मोटार हवी आहे. चीनमध्ये २०२० साली ‘वूलिंग’ने तशी मोटार २८,८०० युआनला, म्हणजे सुमारे तीन लाख रुपयांना विकायला काढली. आपल्याकडे २०२३ साली आलेल्या चिमुकल्या ‘कॉमेट’ची किंमत मात्र आठ लाखांच्या घरात होती. आणि शासनाची दृष्टी कोणीकडे? तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मांडला आणि त्याच महिन्यात मागे घेतला! सरसकट करमाफी दिसायला समतेची. प्रत्यक्षात मोटार जितकी महाग, तितकी माफी मोठी. हा सार्वजनिक पैसा प्रथम बसगाड्यांकडे आणि त्यानंतर छोट्या मोटारींकडेच वळला पाहिजे. ही मागणी कार्यकर्त्यांनी नेटाने लावून धरावी.