स्क्रीन काळी पडली म्हणून संगणकच बदलायचा?



इथे कॅलिफोर्नियात रविवारी मुलं पाठशाळेत आणि आम्ही आया बाहेर गप्पा मारत, असा नेम आहे. परवा एकीच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला. मधली मोठी स्क्रीन अधूनमधून काळी पडते म्हणे. चौघी एका सुरात म्हणाल्या, "अगं, दुरुस्ती कसली करतेस? नवा संगणकच बसवून घे." मला ते पटलं नाही. तिथे गप्प बसले, म्हणून इथे लिहितेय.

आधी विचारा, बिघडलंय नेमकं काय? टेस्लाचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. २०१८ च्या सुरुवातीपर्यंत बनलेल्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या संगणकात ८ जीबीची मेमरी चिप होती. गाडी तिच्यावर सतत नोंदी लिहायची. अशा चिपवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, त्यामुळे पाच-सहा वर्षांत ती झिजायची. म्हणजे दुखणं एका चिपचं, आणि नाव अख्ख्या संगणकाचं! अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याने विषय लावून धरला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलावल्या आणि ६४ जीबीची चिप फुकट बसवून दिली.

नव्या संगणकाला मात्र २०२० मध्ये अडीच हजार डॉलर पडत होते, पुढे ते दीड हजारावर आले. त्यात वेग मिळायचा, नेटफ्लिक्स-यूट्यूब मिळायचं. पण सुरुवातीला त्या बदलात एफएम रेडिओच जायचा. सांगा, गाडी चालवताना यातलं आपल्या जास्त उपयोगाचं काय?

दुरुस्ती लांबणीवर टाका, असं मी अजिबात म्हणत नाही. मागचा कॅमेरा आणि काचेवरचं धुकं घालवायची सोय त्याच स्क्रीनवर असते. मुलांना घेऊन पहाटे निघणारीला ती हवीच. आणि नकाशा उघडायला मिनिटं लागत असतील, गाडी अजून आठ वर्षं चालवायची असेल, तर नवा संगणक जरूर घ्या. अख्खी गाडी बदलण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

माझा राग आहे तो न विचारता बदलण्यावर. सर्व्हिस सेंटरला चार प्रश्न विचारा: कोणता भाग गेला? तेवढाच बदलता येतो का? या बिघाडासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्यात का? काढलेल्या जुन्या भागाचं पुढे काय होतं? उत्तरं मिळाली की घरी बसून ठरवा.

आत मुलं अपरिग्रहाचा धडा गिरवतात. बाहेर आपण चांगला चालणारा संगणक कचऱ्यात काढायला निघालो, तर घरी येऊन त्यांना काय शिकवणार?