ही बोट पुढं कुठं जाते?

मागच्या सोमवारी हापिसात पुन्हा एकदा ग्रीस दर्शन झालं. टीममधला एक मित्र बायकोसोबत नॅक्सोस, सँटोरिनी वगैरे करून आलाय. जेवणाच्या सुट्टीत त्याने लॅपटॉपवर चारशे फोटो दाखवले. निळे घुमट, पांढऱ्या भिंती, सूर्यास्त, परत सूर्यास्त. शेवटी ठरलेलं वाक्य आलंच, "आपल्याकडे समुद्र आहे रे, पण असं काही नाही!" टेबलावरच्या सगळ्या माना डोलल्या. एक मालवणची मुलगी तेवढी उसळली, "तारकर्ली बघितलीयस का कधी?" मग कुणाचं पाणी जास्त निळं यावर अर्धा तास गेला.

माझ्या मते दोघंही चुकले. आणि हे मत देणारा इसम हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावचा आहे हे आधीच सांगून टाकतो. (मुंबईचं गोरेगाव नव्हे. हे प्रत्येक इंटरव्ह्यूमध्ये सांगावं लागतं.) आमच्याकडे समुद्र म्हणजे येलदरीचं धरण. त्यामुळे निळ्या रंगाच्या भांडणात मला पडायचं नाही. मी मित्राला एवढंच विचारलं, नॅक्सोसहून सँटोरिनीला गेलास कसा?

"फेरीने. दोनेक तास. वेळेवर आली."

त्या चारशे फोटोंत बोटीचा एकही फोटो नव्हता.

मी ग्रीसला गेलेलो नाही, पण त्यांच्या बोटींची वेळापत्रकं मात्र वाचून काढलीत. (शनिवारी लोक मॅच बघतात, मी वेळापत्रकं वाचतो. हसू नका.) ग्रीसमध्ये वस्ती असलेली बेटं दोनशेच्या वर आहेत आणि पिरेयस बंदरातून निघालेली बोट एसटीसारखी थांबे घेत जाते. सँटोरिनीशेजारी अनाफी नावाचं बेट आहे, वस्ती तीनशेच्या आसपास. तिथे बोट नेऊन कुणालाही नफा व्हायचा नाही. म्हणून अशा मार्गांना सरकार पैसे देतं. ग्रीक भाषेत या मार्गांचं नावच 'नापीक मार्ग' अशा अर्थाचं आहे. शेतकऱ्याच्या पोराला हा शब्द पटकन कळतो. पीक येत नाही हे माहीत असूनही वाट मोडायची नाही.

आता आपल्याकडचं बघा. दोन वर्षांपूर्वी आईला मालवणला घेऊन गेलो होतो. तोवर तिने समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला. धक्क्यावर रांग लावली, लाइफ जॅकेट चढवलं, होडीत बसून सिंधुदुर्गावर गेलो. १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी अन् मधेच गोडं, याचं आईला भारी नवल वाटलं. परतताना तिने विचारलं, "ही बोट पुढं कुठं जाते रं?"

"कुठंच नाही. वळून पुन्हा किल्ल्यावर."

"मंग ती बोट कशाची? पाळणाच की जत्रंतला."

इतकी नेमकी टीका मी कुठल्याही पर्यटन पुरवणीत वाचलेली नाही. आपण समुद्राचा जत्रेतला पाळणा करून टाकलाय. बसा, चक्कर मारा, फोटो काढा, उतरा. डॉल्फिन दाखवणारी बोट, स्नॉर्केलिंगची बोट, 'त्सुनामी आयलंड'ची बोट, सगळ्या जिथून निघतात तिथेच परत येतात. वेंगुर्ल्याला जायचं म्हटलं की मुकाट्याने गाडी काढायची.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीपर्यंत जायची. बऱ्याच ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. चाकरमानी, आंब्याच्या पेट्या, नाटक कंपन्यांचं सामान, सगळं त्यातून गेलं. ते सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेल्या 'रामदास'ने सहाशेहून जास्त माणसं नेली. पण अपघात झाले म्हणून आपण घाटातल्या एसट्या बंद केल्या का? रस्ते झाले, पुढे रेल्वे आली, बोट गेली, आणि एवढा मोठा किनारा असलेलं राज्य पाण्यावरून प्रवास करायचंच विसरलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. आपण पेढे वाटले, स्टेटस टाकले. हे चारही आरमाराचे किल्ले, म्हणजे पाण्यावरून एकमेकांना धरून असलेली ठाणी. आज यातल्या एकाहून दुसऱ्यावर जायचं तर परत जमिनीवर या, महामार्ग गाठा, खड्डे मोजा. खांदेरीला तर थळहून होडी ठरवून जावं लागतं.

आता नेहमीचे आक्षेप. पावसाळ्यात समुद्र खवळतो? मान्य, आगबोटीही पावसाळ्यात बंदच असायच्या. ग्रीसमध्येसुद्धा वारा वाढला की बोटी धक्क्याला बांधून ठेवतात. प्रवासी मिळणार नाहीत? दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे, कारण ती चिपळूणचा वळसा वाचवते. शनिवारी तिथली गाड्यांची रांग बघून या. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये विजयदुर्गापर्यंत रो-रो नेण्याच्या घोषणाही झाल्या. छानच. पण आपली बोटीची कल्पना मुंबईकराची कार कोकणात पोचवण्याशी येऊन थांबते. देवगडच्या बाईला मालवणला जायचंय, ती कुणाच्याच प्रेझेंटेशनमध्ये नसते.

राहिला तोट्याचा मुद्दा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे ती आमच्या गोरेगावापर्यंत आली. आमच्या फेरीत पाऊस-पाण्याच्या दिवसांत आठ-दहा माणसं असायची. प्रत्येक फेरीचा नफा बघितला असता तर ती गाडी कधीच बंद झाली असती, आणि मी हे लिहीत बसण्याऐवजी हळद उकडत बसलो असतो. (वाईट काही नाही त्यात. पण निवड माझी नसती.) एसटीने मला हिंगोलीपर्यंत नेलं, मग परभणी, मग पुणे. फायद्याचा मार्ग कुठला हे ठरवताना माझा पगार कुठल्या रकान्यात धरणार?

त्यामुळे 'कोकणचं सँटोरिनी' करा असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिथल्या लोकांनाही आता गर्दी नकोशी झालीय. २०२३ मध्ये पारोस बेटावरची माणसं टॉवेल घेऊन आंदोलनाला उतरली होती, कारण भाड्याच्या आरामखुर्च्यांनी किनारा अडवला होता आणि गावच्या माणसाला वाळूत बसायला जागा उरली नव्हती. ती आरामखुर्ची आपण उचलणार, आणि बोट तिथेच सोडून येणार. आपली हीच तऱ्हा.

मला घुमट नकोत. मालवण-वेंगुर्ला एक बोट द्या, ऑक्टोबर ते मे, दिवसातून दोन फेऱ्या, धक्क्यावर खडूने वेळ लिहिलेला फळा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही तिथे लावा. पहिल्या फेरीचं एक अर्धं आईचं, एक पूर्ण माझं.