भेग मोजायची, तर निर्णयही घ्या

पावसाळा तोंडावर आला की जुन्या सरकारी इमारतींची पाहणी निघते. भेगांचे फोटो काढले जातात आणि शेरा पडतो: ‘तडे किरकोळ, निरीक्षणाखाली ठेवावेत.’ बांधकाम खात्यातल्या नोकरीत असे शेरे मी फायलीच्या फायली वाचले. निरीक्षण कुणी करायचं आणि कशानं, हे त्यात नसायचंच.

आमच्या वेळी भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहीत. काच तडकली की भेग हलली म्हणायचं. किती हलली, केव्हा हलली, याला उत्तर नव्हतं. आता क्रॅक मीटर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतची हालचाल टिपतो, टिल्ट मीटर भिंतीचा कल सांगतो. दगडी इमारतीला याची गरज जास्त आहे. काळ्या दगडाची जाडजूड भिंत दिसते एकसंध, पण बहुधा आतून-बाहेरून दगडाचे दोन थर आणि मधे चुना-डबराचा भराव असतो. वर्षानुवर्षं पाणी मुरून चुना धुपला की भराव खचतो, थर सुटतात, भिंतीला पोट येतं. ते डोळ्यांना दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं.

इटलीत पाव्हिया शहरातला मध्ययुगीन मनोरा १७ मार्च १९८९ रोजी कोसळला. चार माणसं गेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हतं. शतकानुशतकं स्वतःचंच वजन पेलताना भिंती हळूहळू खिळखिळ्या झाल्या होत्या, असं तपासात पुढे आलं. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर तर शंभराहून जास्त उपकरणं कित्येक वर्षं भेगांवर नजर ठेवून आहेत. त्या भेगा ऋतूप्रमाणे थोड्या उघडतात, थोड्या मिटतात.

खरी मेख इथेच आहे. उन्हाळ्यातली आणि थंडीतली भेग सारखी नसते. निदान एक पूर्ण वर्ष नोंदी घेतल्याशिवाय ऋतूची हालचाल कोणती आणि दुखण्याची कोणती, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून सहा महिन्यांच्या कंत्राटात सेन्सर बसवून फीत कापणं म्हणजे पैसे पाण्यात. केबल कुरतडलेली, बॅटरी संपलेली आणि अहवालात मात्र ‘अत्याधुनिक यंत्रणा कार्यान्वित’, ही आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, आधी पन्हळी साफ करा. बरोबरच आहे. कॉर्निसमधला पिंपळ उपटायला सेन्सर लागत नाही, आणि सेन्सर लावला म्हणून गळती थांबत नाही. पण डागडुजीनंतर भेग थांबली की नाही, हे मोजल्याशिवाय कळायचं कसं?

तेव्हा निविदेत उपकरणांच्या किमतीबरोबर पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद हवी, धोक्याची पातळी आधी ठरलेली हवी आणि ती ओलांडल्यावर इमारत रिकामी करण्याचा आदेश कोणत्या पदावरचा अधिकारी देईल, तेही लिहिलेलं हवं. तो रकाना कोरा असेल, तर लेखा शाखेनं अशी निविदा सरळ परत पाठवावी.